कलर निगेटिव्ह की स्लाइड फिल्म? चित्राच्या दर्जाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्मवर छायाचित्रण नव्याने सुरू करणाऱ्यांना आणि जुने कॅमेरे कपाटातून बाहेर काढणाऱ्यांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे रंगीत फिल्मपुरती आहेत. कृष्णधवल फिल्मचा विषय वेगळा असल्यामुळे तो येथे घेतलेला नाही.

दोन्हींपैकी कोणत्या फिल्मचा दर्जा चांगला, याचे सरळ उत्तर देता येईल का?

येईल, पण त्याआधी चित्र शेवटी कोठे पाहिले जाणार आहे हे ठरवावे लागेल. लाइट टेबलवर भिंगातून किंवा प्रोजेक्टरने पडद्यावर चित्र पाहायचे असेल, तर स्लाइडला तोड नाही, कारण फिल्मवर उमटलेले चित्र तेथे थेट डोळ्यांपर्यंत पोहोचते. प्रिंट काढायची असेल, किंवा स्कॅन करून पुढचे काम संगणकावर करायचे असेल आणि प्रकाश आपल्या हातात नसेल, तर निगेटिव्हमध्ये अधिक माहिती साठवली जाते आणि तिच्यातून अधिक चांगले चित्र काढता येते. स्लाइड म्हणजे वाढलेले ताट आणि निगेटिव्ह म्हणजे शिधा. शिध्याचे जेवण कसे होईल हे रांधणाऱ्यावर अवलंबून असते, आणि निगेटिव्हविषयीच्या बहुतेक तक्रारी प्रत्यक्षात रांधणाऱ्याविषयीच्या असतात. पुढील बरीचशी उत्तरे याच मुद्द्याभोवती फिरतात.

दोन्ही फिल्म रंगीत आहेत, मग धुलाईत नेमका काय फरक पडतो?

दोन्हींत निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला संवेदनशील असे सिल्व्हर हॅलाइडचे थर असतात आणि दोन्हींत शेवटी चांदी निघून जाऊन केवळ रंजकांचे, म्हणजे रंग देणाऱ्या द्रव्यांचे, चित्र उरते. निगेटिव्ह सी-४१ प्रक्रियेत धुतात. ही प्रक्रिया १९७२ मध्ये आली. तिच्यात सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानाच्या कलर डेव्हलपरमध्ये फिल्म ३ मिनिटे १५ सेकंद राहते आणि जेथे प्रकाश पडला तेथेच रंजक तयार होतो, म्हणून चित्र उलटे, म्हणजे उजळ भाग गडद आणि गडद भाग उजळ असे, मिळते. स्लाइड ई-६ प्रक्रियेत धुतात. तिच्यातला पहिला डेव्हलपर कृष्णधवल असतो. प्रकाश पडलेल्या स्फटिकांची तो चांदी करून टाकतो, पण रंग तयार करत नाही. त्यानंतरच्या रिव्हर्सल बाथमध्ये उरलेले, म्हणजे प्रकाश न पडलेले, स्फटिक धुलाईयोग्य होतात आणि कलर डेव्हलपरमध्ये त्यांच्याभोवती रंजक तयार होतो. त्यामुळे चित्र सुलटे मिळते. ग्रेनमधला, म्हणजे चित्रात दिसणाऱ्या दाण्यांमधला, फरक याच उलटापालटीतून येतो.

स्लाइडचा ग्रेन बारीक असतो असे म्हणतात. हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. एकाच थरात लहान-मोठे अनेक स्फटिक असतात. मोठे स्फटिक अधिक संवेदनशील असल्यामुळे थोड्या प्रकाशातही तेच आधी कामाला लागतात. निगेटिव्हमध्ये या मोठ्या स्फटिकांपासून चित्र बनते. स्लाइडमध्ये मात्र पहिला डेव्हलपर त्यांना बाजूला काढतो आणि अंतिम चित्राचा बराच भाग उरलेल्या लहान स्फटिकांपासून तयार होतो. शिवाय निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुळात कमी असतो. प्रिंट करताना किंवा स्कॅन उलटवताना तो ताणावा लागतो आणि त्याच्यासोबत ग्रेनही ताणला जातो. स्लाइड स्कॅन करताना घडते ते याच्या उलट, म्हणजे फिल्मवरचा मोठा कॉन्ट्रास्ट पडद्यावर बसवण्यासाठी दाबावा लागतो.

आकड्यांची तुलना करताना मात्र जपून राहावे. स्लाइड फिल्मच्या माहितीपत्रकात आरएमएस ग्रॅन्युलॅरिटी (ग्रेनचे माप; आकडा जितका लहान, तितका ग्रेन बारीक) दिलेली असते: फुजीच्या प्रोव्हिया १००एफसाठी ८, व्हेल्व्हिया ५० साठी ९, कोडॅकच्या एक्टाक्रोम ई१०० साठी ८. कोडॅक आपल्या निगेटिव्हसाठी प्रिंट ग्रेन इंडेक्स हे वेगळेच माप देते, ज्यात २५ ही ग्रेन डोळ्यांना जेमतेम जाणवण्याची सीमा मानली जाते. एक्टार १०० च्या ३५ मिमी निगेटिव्हवरून काढलेल्या ४ x ६ इंची प्रिंटसाठी हा आकडा २५ पेक्षा कमी आहे. पहिले माप फिल्मचे आहे आणि दुसरे प्रिंटचे. ती दोन्ही एका तक्त्यात शेजारी मांडून निष्कर्ष काढणे म्हणजे तोळ्यांची लिटरशी तुलना करणे होय.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही. निगेटिव्हला थोडा जास्त प्रकाश दिला, तर छायेच्या भागातही लहान स्फटिकांना काम मिळते आणि ग्रेन कमी दिसतो. प्रकाश कमी पडला, तर छाया केवळ मोठ्या स्फटिकांवर उभी राहते आणि स्कॅनमध्ये वाळू पसरल्यासारखी दिसते. 'निगेटिव्हला फार ग्रेन येतो' असे सांगणाऱ्या व्यक्तीचे रोल तपासले, तर ते बहुधा अंडर-एक्स्पोज झालेले आढळतात.

शार्पनेसमध्ये कोण पुढे आहे?

कागदावर व्हेल्व्हिया पुढे आहे. फुजीच्या माहितीपत्रकानुसार व्हेल्व्हिया ५० जास्त कॉन्ट्रास्टच्या चाचणीपट्टीवर, म्हणजे १००० : १ या प्रमाणात, एका मिलिमीटरमध्ये १६० रेषा दाखवते आणि १.६ : १ इतक्या कमी कॉन्ट्रास्टवर ८० रेषा दाखवते. झाडाची साल, चेहरा किंवा कापडाचे विणकाम या दुसऱ्या आकड्याच्या अधिक जवळ असते, त्यामुळे १६० हा आकडा पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. ४००० डीपीआयचा स्कॅनर एका मिलिमीटरमध्ये साधारण १५७ पिक्सेल घेतो, म्हणजे त्याला जास्तीत जास्त ७८-७९ रेषाच टिपता येतात. चांगल्या स्लाइडवर कधीकधी याहून अधिक असते. घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर मात्र खोक्यावरच्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, आणि तेथे एक्टार आणि व्हेल्व्हिया यांच्या शार्पनेसमधला फरक शोधत बसणे व्यर्थ आहे.

प्रत्यक्षात चित्राची धार ठरते ती शटरवर. पावसाळ्यात ताम्हिणीच्या जंगलात ४०० आयएसओच्या निगेटिव्हवर १/६० सेकंद मिळत असेल, तर त्याच छिद्राला व्हेल्व्हिया ५० वर १/८ सेकंद मिळेल, कारण दोघींमध्ये ३ स्टॉपचे अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). १/८ वर कॅमेरा हातात धरून घेतलेल्या चित्रात व्हेल्व्हियाच्या ८० रेषांपैकी फार थोड्या शिल्लक राहतात. स्लाइडच्या शार्पनेसची कीर्ती ज्यांनी निर्माण केली, त्यांनी ती ट्रायपॉडवर निर्माण केली.

एक्स्पोजर चुकले तर कोणती फिल्म सांभाळून घेते?

निगेटिव्ह. येथे स्पर्धाच नाही. कारण पुन्हा कॉन्ट्रास्टमध्येच आहे. एक स्टॉप म्हणजे लॉग मापात ०.३. निगेटिव्हचा उतार, म्हणजे प्रकाश बदलला की घनता (फिल्म किती प्रकाश अडवते त्याचे माप) किती बदलते ते प्रमाण, सुमारे ०.६ असतो, म्हणजे प्रकाश एका स्टॉपने वाढला की फिल्मची घनता साधारण ०.१८ ने बदलते. स्लाइडचा उतार याच्या तिप्पट धरला, तर तोच बदल अर्ध्या घनतेहून थोडा अधिक होतो. स्लाइडकडे एकंदर तीन-साडेतीन इतक्या घनतेची जागा असते, त्यामुळे पाच-सहा स्टॉपमध्ये ती जागा संपते. निगेटिव्हमध्ये दहा-बारा स्टॉप सामावतात.

आषाढातल्या वारीचे उदाहरण घ्यावे. दुपारी ढग हटले आहेत, उन्हात वारकऱ्याचे पांढरे धोतर आणि सदरा झळाळत आहे आणि शेजारी छत्रीच्या सावलीत एक सावळा चेहरा आहे. पांढरे कापड आणि सावळी त्वचा यांच्या परावर्तनातच सुमारे ३ स्टॉपचा फरक असतो आणि ऊन-सावलीचा फरक आणखी ३ स्टॉपच्या आसपास असतो. म्हणजे केवळ या दोन गोष्टींतच स्लाइडची सगळी जागा संपली. कापडाच्या चुण्या दिसायला हव्या असतील, तर चेहरा काळा पडेल. चेहरा उजळला, तर कापडाच्या जागी कोरी, पारदर्शक फिल्म उरेल, आणि त्या कोऱ्या जागेतून कोणत्याही स्कॅनरला काही काढता येणार नाही. कोडॅकच्या पोर्ट्रा ४०० या निगेटिव्ह फिल्मवर सावलीतल्या चेहऱ्याचे मीटर धरून बटण दाबले, तरी कापडाच्या चुण्या निगेटिव्हवर शिल्लक असतात.

म्हणून स्लाइडसाठी उजेडाच्या भागाचे आणि निगेटिव्हसाठी छायेच्या भागाचे मोजमाप करावे. ज्या पांढऱ्यात पोत दिसायला हवा, त्याचे स्पॉट मीटर घेऊन स्लाइडला त्याहून दीड ते दोन स्टॉप अधिक द्यावे. त्यापलीकडे जाऊ नये. महत्त्वाच्या चित्रासाठी अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने पुढे-मागे आणखी दोन फ्रेम घेणे हा स्लाइडच्या खर्चाचाच भाग समजावा.

मग निगेटिव्ह नेहमीच एक स्टॉप ओव्हर-एक्स्पोज करावी का?

नेहमीच करावी असे नाही. मीटर नीट वापरले, तर ४०० ची फिल्म ४०० वरच चांगले चित्र देते. परंतु जुन्या कॅमेऱ्यांचे मीटर आणि शटर दोन्ही भरवशाचे नसतात, आणि चूक व्हायचीच असेल तर ती जास्त प्रकाशाच्या बाजूला होणे बरे, म्हणून पोर्ट्रा ४०० ला २०० मानून वापरण्याची सवय अनेकांनी लावून घेतली आहे. दोन स्टॉप जास्त प्रकाशातही ती डगमगत नाही. एक्टार १०० मात्र याबाबतीत नाजूक आहे. तिचे रंग गडद असून एक्स्पोजर फार हुकले, की छायेत निळसर किंवा हिरवट झाक शिरते. तिला स्लाइडच्या शिस्तीने वागवावे.

निगेटिव्ह नारिंगी का असते? त्यामुळे रंग बिघडतात का?

उलट, रंग सुधारतात, आणि या विषयात हाच मुद्दा सर्वांत कमी समजून घेतला जातो. फिल्ममधले रंजक आदर्श नसतात. मॅजेंटा (जांभळट गुलाबी) रंजकाने केवळ हिरवा प्रकाश अडवावा अशी अपेक्षा असते, पण तो थोडा निळाही अडवतो. सायन (हिरवट निळ्या) रंजकाने लाल अडवायचा असतो, पण तो हिरवा आणि निळाही काही प्रमाणात खातो. चित्र एका फिल्मवरून दुसऱ्या कागदावर नेताना ही चूक दुप्पट होते आणि रंग मळकट दिसतात.

१९४० च्या दशकात कोडॅकच्या रसायनतज्ज्ञांनी यावर सुंदर तोडगा काढला. मॅजेंटा रंजक ज्या कपलरपासून, म्हणजे थरातल्या रसायनापासून, बनतो, तो कपलरच पिवळसर ठेवायचा. जेथे मॅजेंटा तयार होईल, तेथे पिवळेपणा त्याच प्रमाणात नाहीसा होतो, त्यामुळे निळ्या प्रकाशाची अनाठायी अडवणूक संपूर्ण फ्रेमभर सारखी होते. सायनसाठी तसाच लालसर कपलर वापरायचा. न वापरलेले पिवळसर आणि लालसर कपलर एकत्र दिसतात, ती ही नारिंगी झाक. ती सर्वत्र एकसारखी असल्यामुळे प्रिंट करताना फिल्टरने किंवा स्कॅन करताना सॉफ्टवेअरने एका फटक्यात वजा करता येते.

स्लाइड थेट पाहायची असल्यामुळे तिला असा मुखवटा घालता येत नाही. म्हणून मोजमापाच्या दृष्टीने पाहिले, तर रंगांच्या अचूकतेची उत्तम संधी निगेटिव्हकडे असते आणि स्लाइडकडे असतो तो ठसठशीतपणा. ज्यांना याविषयी शंका वाटते त्यांनी चित्रपटांचा विचार करावा. चित्रपटगृहात दिसणारे रंग दशकानुदशके कॅमेऱ्यातल्या कलर निगेटिव्हवरूनच आले आहेत.

व्हेल्व्हियाचे रंग खरे असतात का?

नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नाही. १९९० मध्ये व्हेल्व्हिया आली तीच मुळी निसर्गचित्रे गडद, भरघोस रंगांत दाखवण्यासाठी. श्रावणातल्या सह्याद्रीचा हिरवा आणि कोकणातल्या जांभ्या दगडाचा तांबडा हे मुळातच एवढे दाट रंग आहेत, की व्हेल्व्हियावर ते कधीकधी तपशील गिळून टाकतात. डोंगराची एक अख्खी उतरण एकाच हिरव्या रंगाचा सपाट पट्टा होऊन बसते. अशा ठिकाणी प्रोव्हिया किंवा एक्टाक्रोम अधिक समजूतदारपणे वागतात. पहाटेच्या फिकट प्रकाशात किंवा ढगाळ दिवशी, जेव्हा दृश्यात स्वतःचा रंग कमी असतो, तेव्हा व्हेल्व्हिया शोभते. माणसांचे चेहरे तिच्यावर तांबूस होतात, हे लग्नसमारंभात ती नेणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

स्लाइडच्या रंगाला व्हाइट बॅलन्स कसा द्यायचा?

तो फिल्टरनेच आणि चित्र घेतानाच द्यावा लागतो. डेलाइट फिल्म साधारण ५५०० केल्व्हिनच्या प्रकाशासाठी बनवलेली असते. निरभ्र दिवशी सावलीतली स्लाइड निळी येते, त्यावर ८१ए किंवा ८१बी फिल्टर लावतात. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा ८०ए लावतात आणि दोन स्टॉप गमावतात. निगेटिव्हमध्ये बराचसा दोष नंतर काढता येतो. पण बल्बच्या प्रकाशात निळ्या थराला फारच कमी प्रकाश मिळतो, त्यामुळे तेथेही फिल्टर नसेल तर एक-दोन स्टॉप जास्त द्यावे, नाहीतर छायेतला निळा रंग मुळातच नोंदला जात नाही आणि मग सॉफ्टवेअर तरी काय दुरुस्त करणार?

निगेटिव्ह इतकी सक्षम असेल, तर मासिके स्लाइडच का मागत असत?

कारण संपादकाला लाइट टेबलवर शंभर स्लाइड मांडून दहा मिनिटांत निवड करता येत असे. शिवाय छपाईसाठी रंग वेगळे करणाऱ्या माणसाच्या हातात मूळ रंगाचा पुरावा असे. छापलेले पान आणि स्लाइड शेजारी धरली, की चूक कोठे झाली हे कोणालाही कळे. निगेटिव्हमध्ये 'खरा' रंग कोणता यावर छायाचित्रकार, लॅब आणि छापखाना यांचे तीन वेगवेगळे मत पडू शकते. म्हणजे स्लाइडची मागणी तिच्या दर्जापेक्षा कामाच्या सोयीमुळे अधिक होती.

१९३५ मध्ये सिने फिल्म म्हणून आलेल्या आणि पुढच्याच वर्षी ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी मिळू लागलेल्या कोडाक्रोमने हा पायंडा पाडला. तिच्या थरांत कपलर नसत. ते धुलाईच्या वेळी रसायनांतून दिले जात. त्यामुळे थर पातळ राहत आणि धार उत्तम येत असे, पण धुलाई इतकी किचकट होती की ती मोजक्याच लॅबमध्ये होई. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी भारतातल्या रस्त्यांवरचे आपले काम याच फिल्मवर केले. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना देण्यात आला आणि त्यातल्या ३६ फ्रेमपैकी काही त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात खर्च केल्या. कॅन्सास राज्यातल्या पार्सन्स येथील लॅबने २०१० च्या अखेरीस कोडाक्रोमची धुलाई थांबवली. त्यामुळे आज कोणी कोडाक्रोमचा न धुतलेला रोल विकायला काढला असेल, तर तो शोभेची वस्तू म्हणूनच घ्यावा. एक्टाक्रोम मात्र परतली. २०१२ मध्ये बंद झाल्याची घोषणा झालेली ही फिल्म ई१०० या नावाने २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली.

लॅबमधून आलेले निगेटिव्हचे स्कॅन फिके आणि प्रत्येक फ्रेमला वेगळे का दिसतात?

लॅबचे यंत्र प्रत्येक फ्रेमचा स्वतंत्र अंदाज बांधते म्हणून. एकाच ठिकाणी, एकाच प्रकाशात घेतलेल्या लागोपाठच्या दोन फ्रेम पाहाव्यात. पहिल्यात एक स्त्री पिवळ्या भिंतीसमोर उभी आहे आणि दुसऱ्यात ती दोन पावले सरकल्यामुळे मागे निळे दार आले आहे. यंत्र पहिल्या फ्रेममधला पिवळा 'जास्त' समजून निळा वाढवते आणि दुसऱ्या फ्रेममध्ये निळा 'जास्त' समजून पिवळा वाढवते. तिची साडी दोन फ्रेममध्ये दोन रंगांची होते. निगेटिव्हवर मात्र साडीची घनता दोन्हीकडे तीच असते.

उपाय सोपा आहे. लॅबला आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवून, १६ बिटच्या टिफ फाइल देण्याची विनंती करावी आणि रोलमधल्या एका फ्रेमवर रंग ठरवून तोच सर्व फ्रेमना लावावा. ८ बिटच्या जेपीईजीवर निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट ताणला, की आकाशात पट्टे उमटतात. दोन फिल्मची तुलना लॅबच्या तयार जेपीईजीवरून करणाऱ्यांनी प्रत्यक्षात यंत्रचालकाच्या आवडीनिवडीची तुलना केलेली असते.

भिंगातून सुरेख दिसणारी स्लाइड स्कॅनमध्ये काळवंडते. दोष कोणाचा?

स्कॅनरचा. घनता ३.० म्हणजे प्रकाशाचा हजारावा भाग पार होतो आणि ३.६ म्हणजे जवळपास चार हजारावा. स्लाइडमधल्या छाया या पट्ट्यात असतात. लाइट टेबलवर भिंग डोळ्याला लावून आजूबाजूचा उजेड हाताने झाकला, की देवळाच्या गाभाऱ्यातल्या समईमागची भिंत, तिच्यावरचा तेलाचा थर आणि कोपऱ्यातली घंटेची दोरी हळूहळू दिसू लागते. साध्या फ्लॅटबेडला तेथे केवळ गोंगाट (नॉइज) दिसतो. पूर्वी यासाठी ड्रम स्कॅनर असत. नंतर निकॉन कूलस्कॅन ५००० सारख्या फिल्म स्कॅनरांनी बरेचसे काम घरी आणले. आता डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि चांगला पॅनेल लाइट वापरून दोन वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम जोडता येतात. याबाबतीत निगेटिव्ह सोपी असते, कारण तिची सगळी माहिती कमी घनतेत सामावलेली असते.

धूळ काढण्यासाठी इन्फ्रारेड किरण वापरणारी सोय ई-६ स्लाइड आणि सी-४१ निगेटिव्हवर उत्तम चालते. कोडाक्रोमवर मात्र ती चित्राचाच तपशील धूळ समजून पुसू शकते, म्हणून जुन्या कोडाक्रोम स्कॅन करताना ती बंद ठेवावी.

स्लाइडवरून थेट प्रिंट काढता येते का?

पूर्वी सिबाक्रोम, म्हणजे पुढे इल्फोक्रोम म्हणून ओळखल्या गेलेल्या, कागदावर अप्रतिम प्रिंट निघत. त्यांचा कॉन्ट्रास्ट मात्र इतका असे की अनेकदा वेगळी कृष्णधवल मास्क फिल्म बनवावी लागे. तो कागद २०१२ च्या सुमारास इतिहासजमा झाला. आता स्लाइडची प्रिंट म्हणजे स्कॅनची प्रिंट. निगेटिव्हवरून आरए-४ या रंगीत प्रिंटच्या कागदावर एनलार्जरने प्रिंट काढणे मात्र आजही शक्य आहे.

३५ मिमीऐवजी १२० ही मोठ्या फ्रेमची फिल्म वापरल्याने हा वादच मिटतो का?

बराचसा मिटतो. ३५ मिमीची फ्रेम ८६४ चौरस मिलिमीटरची असते आणि ६ x ६ ची सुमारे ३,१०० चौरस मिलिमीटरची, म्हणजे साडेतीन पटींहून मोठी. १२० वरची पोर्ट्रा ४०० मोठ्या प्रिंटमध्ये ३५ मिमीच्या प्रोव्हियापेक्षा कमी ग्रेन दाखवते. दर्जासाठी खर्च करायचा असेल, तर फिल्मचा प्रकार बदलण्याआधी फ्रेमचा आकार बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १२० ची स्लाइड लाइट टेबलवर ठेवली, की भिंगाशिवायही माणसे तिच्याभोवती जमतात, हा वेगळा आनंद.

रात्रीच्या लांब एक्स्पोजरसाठी कोणती घ्यावी?

स्लाइडच हवी असेल, तर प्रोव्हिया १००एफ. फुजीच्या माहितीपत्रकानुसार १२८ सेकंदांपर्यंत तिला कोणतीही भरपाई, म्हणजे जादा प्रकाश किंवा फिल्टर, लागत नाही. व्हेल्व्हिया ५० ला ४ सेकंदांपासूनच जादा प्रकाश आणि मॅजेंटा फिल्टर लागतो, आणि ६४ सेकंदांचे एक्स्पोजर देऊ नये असे फुजी सांगते. निगेटिव्हला भरपाई लागते, पण तिच्या अंदाजात चूक झाली तरी चित्र हातचे जात नाही.

पुश करणे किंवा स्लाइड सी-४१ मध्ये धुणे, याने दर्जा सुधारतो का?

सुधारत नाही. स्लाइड पुश करताना, म्हणजे कमी प्रकाश मिळालेली फिल्म अधिक धुताना, पहिल्या डेव्हलपरची वेळ वाढवतात. एक स्टॉप बहुधा निभावतो, पण काळा रंग फिका पडतो आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. स्लाइड सी-४१ मध्ये धुतली, तर भडक, हिरवट-पिवळट रंगांचे उलटे चित्र मिळते. तो एक गमतीचा प्रकार आहे. त्याला दर्जाच्या चर्चेत आणू नये.

मुदत संपलेला रोल वापरावा का?

निगेटिव्ह असेल तर दर दशकामागे एक स्टॉप जास्त देण्याचा ढोबळ नियम वापरून पाहावा. जुनेपणाने फिल्मवर धूसरपणा चढतो. निगेटिव्हमध्ये तो छायेतला तपशील खातो, पण जास्तीच्या प्रकाशाने त्याच्या वर उठता येते. स्लाइडमध्ये तोच धूसरपणा काळ्या रंगाला धुवून काढतो आणि जास्त प्रकाश दिला तर उजेडाचे भाग जळतात, त्यामुळे सुटका कोणत्याच बाजूने नाही. फ्रीजमध्ये ठेवलेला रोल या दोन्ही बाबतींत खूपच बरा.

जुन्या स्लाइड आणि निगेटिव्ह यांत अधिक टिकाऊ काय?

हे फिल्मपेक्षा ती ठेवण्यावर अधिक अवलंबून आहे. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर फार टिकते, पण वारंवार प्रोजेक्टरवर चढवली तर इतर स्लाइडपेक्षा लवकर उडते. आपल्याकडे रंग उडण्याआधी बुरशीच येते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात काचेच्या माउंटमधली स्लाइड सर्वांत आधी बळी पडते, कारण आत अडकलेला ओलावा बाहेर निघत नाही. काच काढून साध्या माउंटमध्ये ठेवावे, पीव्हीसीऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या वापराव्यात आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून ते दर पावसाळ्याआधी तापवून कोरडे करावे. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली, तर बुरशी सहसा धरत नाही.

स्लाइडमधला रंग किती उडाला हे नुसत्या डोळ्यांना काही अंशी ओळखता येते. निगेटिव्हमध्ये रंजक किती उडाले हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. स्कॅन उलटवल्यावरच छाया हिरवट किंवा तांबूस निघते. म्हणून घरातल्या १९७०-८० च्या दशकांतल्या निगेटिव्ह आणि स्लाइड दोन्ही असतील, तर निगेटिव्ह आधी स्कॅन कराव्यात.